एडीएचडीचे अतिनिदान आणि न्यूननिदान

एडीएचडीचे अतिनिदान आणि न्यूननिदान हा मानसोपचारशास्त्र, बालमानसशास्त्र व सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांतील एक दीर्घकाळ चाललेला वाद आहे. एडीएचडी, म्हणजेच अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार, हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार असून लक्ष एकाग्र न होणे, वयाच्या मानाने अधिक चंचलता आणि आवेगशीलता ही त्याची प्रमुख लक्षणे होत. १९९० नंतर अनेक देशांत, विशेषतः अमेरिकेत, हे निदान झालेल्या मुलांची आणि पुढे प्रौढांचीही संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. पूर्वी दुर्लक्षित राहिलेले रुग्ण आता उजेडात येत आहेत, की बालसुलभ वर्तनालाच विकाराचे नाव दिले जात आहे, हा या वादाचा मूळ प्रश्न आहे. आजवरच्या संशोधनावरून असे दिसते की, या दोन्ही गोष्टी एकाच समाजात व एकाच काळात घडू शकतात. मात्र त्या वेगवेगळ्या व्यक्तींच्या वाट्याला येतात.

संज्ञांचा अर्थ

'अतिनिदान' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. पहिल्या अर्थाने, निकष पूर्ण होत नसतानाही एखाद्या व्यक्तीला विकार असल्याचे ठरवणे म्हणजे अतिनिदान. हे वस्तुतः चुकीचे निदान होय. दुसऱ्या व अधिक काटेकोर अर्थाने, निकष तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होत असले तरी लक्षणे इतकी सौम्य असतात की निदान व उपचार यांपासून लाभापेक्षा हानीच अधिक होण्याचा संभव असतो, अशा निदानाला अतिनिदान म्हणतात. विकार असूनही तो ओळखला न जाणे म्हणजे 'न्यूननिदान'. निदानांची संख्या वाढणे हा या तिन्हींपैकी कशाचाही थेट पुरावा नव्हे. वाढलेल्या संख्येत योग्य निदाने किती व अयोग्य किती, हे त्या संख्येवरून कळत नाही.

निदानाची पद्धत

एडीएचडी ओळखण्यासाठी रक्ताची चाचणी किंवा मेंदूचे चित्रण उपयोगी पडत नाही. व्यक्तीचा पूर्वेतिहास, प्रत्यक्ष मुलाखत आणि पालक, शिक्षक किंवा जोडीदार यांनी दिलेली माहिती यांवरून निदान केले जाते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ (२०१३) या निदानपुस्तिकेत अवधानाशी संबंधित नऊ आणि चंचलता व आवेगशीलता यांच्याशी संबंधित नऊ लक्षणे दिली आहेत. मुलांमध्ये यांपैकी कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे, तर १७ वर्षांवरील व्यक्तींमध्ये किमान पाच लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात. त्यांपैकी काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, ती घर, शाळा, कामाचे ठिकाण अशा दोन किंवा अधिक ठिकाणी आढळावीत, त्यांमुळे दैनंदिन जीवनात स्पष्ट बाधा येत असावी आणि अन्य विकाराने त्यांचा अधिक चांगला उलगडा होत नसावा, अशाही अटी आहेत.

ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात सर्वांमध्येच असतात. उंची किंवा रक्तदाबाप्रमाणे त्यांची एक सलग श्रेणी असते आणि 'विकार' कोठून सुरू होतो ही रेषा तज्ज्ञांच्या सहमतीने आखलेली असते. रेषेपासून दूर असलेल्या तीव्र लक्षणांच्या व्यक्तींबाबत मतभेद क्वचितच होतात. वाद प्रामुख्याने रेषेच्या जवळपास असलेल्या व्यक्तींविषयी आहे.

निकषांचा विस्तार

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत अशा स्वरूपाची लक्षणे असलेल्या मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये बेंझेड्रिन या उत्तेजक औषधाचा मुलांच्या वर्तनावर व अभ्यासावर होणारा अनुकूल परिणाम नोंदवला. मिथाइलफेनिडेट हे आज सर्वपरिचित असलेले औषध १९४४ मध्ये प्रथम तयार करण्यात आले.

डीएसएमच्या १९६८ च्या आवृत्तीत या अवस्थेला बालवयातील अतिचंचल प्रतिक्रिया असे संबोधले होते. १९८० च्या आवृत्तीत भर चंचलतेवरून अवधानावर आला आणि चंचल नसलेल्या मुलांचाही या निदानात समावेश झाला. १९८७ मध्ये एडीएचडी हे नाव रूढ झाले, तर १९९४ मध्ये त्याचे तीन उपप्रकार मानण्यात आले. २०१३ च्या आवृत्तीत लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा सात वर्षांवरून बारा वर्षांवर नेण्यात आली, तसेच स्वमग्नता असलेल्या व्यक्तीलाही हे निदान देण्यास मुभा मिळाली. याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणातील निकष बरेच कडक होते. त्यात अवधानाची उणीव व अतिचंचलता या दोन्ही बाबी एकत्र असणे आवश्यक होते, त्यामुळे त्या निकषांनुसार विकाराचे प्रमाण कमी येत असे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये एडीएचडी हीच संज्ञा स्वीकारण्यात आली आहे.

टीकाकारांच्या मते निकषांतील प्रत्येक शिथिलतेने सौम्य लक्षणांच्या व्यक्ती निदानाच्या कक्षेत आल्या. डीएसएमच्या १९९४ च्या आवृत्तीचे काम पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष ॲलन फ्रान्सिस हे पुढे या विस्ताराचे प्रमुख टीकाकार बनले. समर्थकांचे म्हणणे असे की, जुने निकष शाळकरी मुलग्यांना समोर ठेवून बनवलेले होते. मुली व प्रौढ यांच्यातील विकार ओळखण्यासाठी ते बदलणे भाग होते.

विकाराचे प्रमाण व निदानाचे प्रमाण

या वादात दोन प्रकारची आकडेवारी वापरली जाते आणि तिची गल्लत झाल्यास निष्कर्ष चुकतात. पहिल्या प्रकारात संशोधक समाजातील मुलांची समान निकषांनी तपासणी करून विकाराचे प्रमाण काढतात. गिलेर्मे पोलांचिक व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जगभरातील १०२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात हे प्रमाण ५.२९ टक्के आले. त्यांच्याच २०१४ मधील विश्लेषणानुसार, समान पद्धतीने मोजल्यास गेल्या तीन दशकांत मुलांमधील विकाराचे प्रमाण वाढलेले नाही.

दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांनी प्रत्यक्ष केलेली निदाने मोजली जातात. अमेरिकेतील पालकांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ४ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी कधी ना कधी एडीएचडीचे निदान झालेल्यांचे प्रमाण २००३ मध्ये ७.८ टक्के, २००७ मध्ये ९.५ टक्के आणि २०११-१२ मध्ये ११ टक्के होते. २०२२ च्या सर्वेक्षणात ३ ते १७ वर्षे वयोगटात ते ११.४ टक्के, म्हणजे सुमारे ७१ लाख मुले इतके होते.

विकाराचे प्रमाण स्थिर आणि निदानाचे प्रमाण वाढते, ही तफावत अतिनिदानाचा पुरावा म्हणून मांडली जाते. परंतु निदानाची सुरुवातीची पातळी फार खाली असेल तर तीच तफावत न्यूननिदान भरून निघत असल्याचेही द्योतक ठरते. शिवाय दोन्ही आकडे समान असले तरी निदान योग्य व्यक्तींचेच झाले आहे असे सिद्ध होत नाही.

पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. समजा, १,००० मुलांपैकी ५० मुलांना खरोखर विकार आहे आणि निदानाची पद्धत दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. या पद्धतीने ५० पैकी ४५ मुले ओळखली जातील व ५ सुटतील. उरलेल्या ९५० निरोगी मुलांपैकी १० टक्के, म्हणजे ९५ मुलांनाही विकार असल्याचे ठरवले जाईल. अशा रीतीने एकूण १४० मुलांना निदान मिळेल, त्यांतील बहुसंख्य निदाने चुकीची असतील आणि तरीही विकार असलेली पाच मुले उपचारांवाचून राहतील. विकार जितका विरळ, तितका निदानातील थोड्याशा ढिलाईचा परिणाम मोठा होतो.

अतिनिदानाकडे निर्देश करणारे पुरावे

जन्ममहिन्याचा परिणाम

एकाच इयत्तेतील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या मुलांच्या वयात जवळजवळ एका वर्षाचा फरक असू शकतो. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. लहान मूल कमी वेळ एका जागी बसते, सूचना लवकर विसरते व अधिक चुळबूळ करते. जन्ममहिन्याचा या विकाराशी जैविक संबंध असण्याचे कारण नाही. म्हणून वर्गातील लहान मुलांमध्ये निदान अधिक आढळल्यास त्यातील काही निदाने अपरिपक्वतेला विकार समजून केलेली आहेत, असा अर्थ निघतो.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ९,३७,९४३ मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही वयाची सीमारेषा आहे. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांत निदानाची शक्यता ३० टक्क्यांनी, तर मुलींत ७० टक्क्यांनी अधिक आढळली. अमेरिकेतील ४,०७,८४६ मुलांच्या विमानोंदींवर आधारित २०१८ च्या अभ्यासात, १ सप्टेंबर ही सीमारेषा असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दर १०,००० मुलांमागे ८५.१, तर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांमागे ६३.६ निदाने आढळली. अशी सीमारेषा नसलेल्या राज्यांत ऑगस्ट व सप्टेंबर यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. डेन्मार्कमध्ये अपरिपक्व मुलाचा शाळाप्रवेश वर्षभर पुढे ढकलण्याची पद्धत रूढ आहे. तेथे औषधयोजनेवर जन्ममहिन्याचा परिणाम अत्यल्प आढळला.

निदान करणाऱ्यांचे पूर्वग्रह

जर्मनीतील एका अभ्यासात (२०१२) मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांना काही मुलांची लेखी वर्णने पाठवून निदान विचारण्यात आले. वर्णनात निकष पूर्ण होत नसतानाही १६.७ टक्के तज्ज्ञांनी एडीएचडीचे निदान केले. तेच वर्णन मुलीऐवजी मुलाच्या नावाने दिले असता असे निदान अधिक वेळा करण्यात आले. निकष एकेक करून तपासण्याऐवजी 'असे मूल साधारणपणे कसे असते' या मनातील प्रतिमेवरून निर्णय घेतले जातात, असा याचा अर्थ लावण्यात आला.

प्रादेशिक व शैक्षणिक घटक

२०११ मध्ये अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यात ५.६ टक्के, तर केंटकी राज्यात १८.७ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान झाले होते. एवढा फरक केवळ जैविक कारणांनी पडणे संभवत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिन्शॉ व अर्थतज्ज्ञ रिचर्ड शेफलर यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात याचा संबंध शाळांच्या निकालांवर अनुदान व कारवाई अवलंबून ठेवणाऱ्या धोरणांशी जोडला. औषधकंपन्यांची जाहिरातबाजी, घाईघाईने उरकल्या जाणाऱ्या वैद्यकीय भेटी आणि निदानाशिवाय शाळेत साहाय्य न मिळणे हीदेखील कारणे सांगितली जातात.

न्यूननिदानाकडे निर्देश करणारे पुरावे

मुली व स्त्रिया

मुलग्यांमधील चंचलता वर्गाच्या कामात व्यत्यय आणते आणि म्हणून लक्षात येते. मुलींमध्ये अवधानाची उणीव अधिक ठळक असते. वर्गात शांत बसून विचारांत हरवलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिला तपासणीसाठी पाठवले जात नाही. दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या कितीतरी पट असते. समाजातील सर्वेक्षणांत हा फरक बराच कमी होतो आणि प्रौढ वयात तो आणखी घटतो. अनेक स्त्रियांना आधी चिंता किंवा नैराश्य यांचे निदान मिळते व एडीएचडी उशिरा ओळखला जातो. कधी कधी आपल्या मुलाची तपासणी चालू असताना आईला स्वतःच्या लक्षणांची जाणीव होते. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने हे आश्चर्यकारक नाही.

वांशिक व आर्थिक विषमता

अमेरिकेतील मुलांचा बालवाडीपासून आठवीपर्यंत पाठपुरावा करणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात, वर्तन व कौटुंबिक स्थिती समान धरली तरी गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलांना निदान मिळण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी व हिस्पॅनिक मुलांना ५० टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. ज्या देशात अतिनिदानाची सर्वाधिक चर्चा होते, त्याच देशातील ही स्थिती आहे.

निदानानंतरची दरी

निदान होणे म्हणजे उपचार मिळणे नव्हे. अमेरिकेतील २०२२ च्या सर्वेक्षणानुसार, एडीएचडी असलेल्या सुमारे ३० टक्के मुलांना औषधही मिळत नव्हते आणि वर्तनोपचारही मिळत नव्हते.

एकाच ठिकाणी दोन्ही दोष

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम भागातील मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे उत्तेजक औषधे घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले एडीएचडीचे निकष पूर्ण करीत नव्हती. त्याच वेळी निकष स्पष्टपणे पूर्ण करणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना ती औषधे मिळत नव्हती. त्याआधी एक वर्ष, १९९९ मध्ये, अमेरिकेतील अन्य चार ठिकाणच्या अभ्यासात विकार असलेल्या मुलांपैकी केवळ १२.५ टक्के मुलांना उत्तेजक औषधे मिळत असल्याचे दिसले होते. यावरून राष्ट्रीय सरासरीच्या आड दोन्ही प्रकारच्या चुका कशा दडलेल्या असतात हे लक्षात येते.

प्रौढांमधील निदान

एडीएचडी हा केवळ बालपणीचा विकार असून वयाबरोबर तो नाहीसा होतो, असा समज १९८० च्या दशकापर्यंत प्रचलित होता. रोनाल्ड केसलर व सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार अमेरिकेतील ४.४ टक्के प्रौढांना हा विकार होता. परंतु मागील वर्षभरात त्यांपैकी केवळ १०.९ टक्के लोकांनी त्यासाठी उपचार घेतले होते. हा आकडा न्यूननिदानाचा ठळक पुरावा मानला जातो. त्यानंतर स्थिती झपाट्याने बदलली. २०२३ मध्ये अमेरिकेतील सुमारे ६ टक्के, म्हणजे १ कोटी ५५ लाख प्रौढांनी आपल्याला हे निदान असल्याचे सांगितले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ते वयाच्या १८ व्या वर्षी किंवा त्यानंतर मिळाले होते.

प्रौढांचे निदान करताना बालपणातील लक्षणांचा शोध घ्यावा लागतो आणि स्मृती नेहमीच विश्वासार्ह नसते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ व्यक्तींच्या अभ्यासात, ३८ व्या वर्षी एडीएचडीचे चित्र दाखवणाऱ्या बहुतेकांना बालपणी हा विकार नव्हता असे दिसले. त्यामुळे हा विकार प्रौढपणीही सुरू होतो काय, असा प्रश्न उपस्थित झाला. मार्गारेट सिबली व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा उशिरा लक्षणे दिसलेल्या व्यक्तींची सखोल तपासणी केली, तेव्हा प्रश्नावलीवरून संशयित ठरलेल्या सुमारे ९५ टक्के व्यक्तींना अंतिम निदान लागू पडले नाही. त्यांच्या लक्षणांमागे प्रामुख्याने व्यसने किंवा अन्य मानसिक विकार होते, अथवा लक्षणांमुळे जीवनात पुरेशी बाधा येत नव्हती. केवळ प्रश्नावली भरून निदान करण्यातील धोका यातून दिसून येतो.

समाजमाध्यमांनी या विषयाविषयी जागृती केली, तशीच अपुरी माहितीही पसरवली. कॅनडातील २०२२ च्या एका अभ्यासात टिकटॉकवरील एडीएचडीविषयक सर्वाधिक लोकप्रिय १०० चित्रफितींपैकी ५२ टक्के चित्रफिती दिशाभूल करणाऱ्या आढळल्या.

दोन्ही चुकांचे परिणाम

न्यूननिदानाची किंमत मोठी असते. डेन्मार्कमधील सुमारे १९ लाख व्यक्तींच्या २०१५ मधील अभ्यासात एडीएचडी असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट होता आणि त्यात अपघातांचा वाटा मोठा होता. ज्यांचे निदान प्रौढ वयात झाले त्यांच्यात तो चौपटीहून अधिक होता. स्वीडनमधील २०१२ च्या अभ्यासात, औषधे चालू असतानाच्या काळात गुन्ह्यांचे प्रमाण पुरुषांमध्ये ३२ टक्क्यांनी व स्त्रियांमध्ये ४१ टक्क्यांनी कमी आढळले. याशिवाय शिक्षण अर्धवट सुटणे, नोकरी न टिकणे आणि 'आळशी', 'बेफिकीर' अशी दूषणे ऐकत मोठे झाल्याने आत्मविश्वास खचणे हे परिणाम आकड्यांत मावत नाहीत.

अतिनिदानही निरुपद्रवी नसते. उत्तेजक औषधांमुळे भूक मंदावणे, झोप न लागणे, हृदयाचे ठोके वाढणे व उंचीच्या वाढीवर काहीसा परिणाम होणे संभवते. खरा विकार असलेल्यांच्या बाबतीत लाभ या त्रासापेक्षा अधिक ठरतो. विकार नसलेल्या मुलाला मात्र केवळ त्रासच होतो. चुकीच्या निदानामुळे खरे कारण झाकले जाते, ही त्याहून गंभीर बाब आहे. ऐकू कमी येणे, झोपेतील श्वसनाचे अडथळे, अध्ययन-अक्षमता, चिंता किंवा घरातील हिंसाचार यांमुळेही मुलाचे लक्ष लागत नाही. अनावश्यक औषधयोजनेचा फटका गरजू रुग्णांनाही बसू शकतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये एका प्रमुख औषधाचा तुटवडा अधिकृतपणे जाहीर झाला होता.

भारतातील स्थिती

भारतात राष्ट्रीय पातळीवरील निदानांच्या संख्येवरून अतिनिदानाचा वाद उभा राहिलेला नाही. कोइंबतूर येथील प्राथमिक शाळांतील मुलांच्या २०१३ च्या अभ्यासात एडीएचडीचे प्रमाण ११.३२ टक्के आढळले. अन्य भारतीय अभ्यासांतील आकडे पद्धतीनुसार बरेच वेगवेगळे आहेत. बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) विविध मानसिक विकारांत उपचारांची दरी ७० ते ९२ टक्के असल्याचे दिसले. देशात दर लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि मुलांचे तज्ज्ञ त्याहूनही कमी आहेत. मिथाइलफेनिडेट हे औषध अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखाली नियंत्रित आहे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना मंडळाच्या परीक्षांत अधिक वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. अध्ययन-अक्षमता व एडीएचडी पुष्कळदा एकत्र आढळत असल्याने या सवलतींसाठी होणारी तपासणी एडीएचडी ओळखण्याचीही संधी ठरू शकते. मात्र मूल मागे पडत असल्याचे लक्षात येऊन त्याला रुग्णालयात नेणारे कुटुंब असेल, तरच ही संधी मिळते. पटसंख्या मोठी असलेल्या वर्गात शांत व मागे पडणारे मूल नजरेतून सुटणे सहज संभवते.

मूल्यमापन

मार्क स्किउटो व मिरियम आयझेनबर्ग यांनी २००७ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन, एडीएचडीचे पद्धतशीर अतिनिदान होते असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला. याउलट लुईस काझ्दा व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ३३४ अभ्यासांच्या आढाव्यातून, मुलांमध्ये, विशेषतः सौम्य लक्षणांच्या बाबतीत, अतिनिदान व अतिउपचार होत असल्याचे पटण्याजोगे पुरावे आहेत असे मत मांडले. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांचा रोख वेगळा आहे. पहिल्याचा प्रश्न चुकीच्या निदानांची संख्या सुटलेल्या रुग्णांहून अधिक आहे काय, असा आहे. तर सौम्य लक्षणे असलेल्यांना निदानाचा लाभ होतो काय, हा दुसऱ्याचा प्रश्न आहे.

दोन्ही चुकांचे मूळ बहुतांशी एकच आहे. मुलाला किती अडचण आहे यापेक्षा त्याच्यामुळे इतरांना किती अडचण होते, यावर तपासणी अवलंबून राहिली, की वर्गातील लहानगा व धडपड्या मुलगा निदानाच्या जाळ्यात सापडतो आणि गप्प बसणारी मुलगी त्यातून निसटते. घाईने केलेली तपासणी निरोगी मुलाला रुग्ण ठरवते आणि खऱ्या रुग्णाला परतही पाठवते. त्यामुळे निदाने एकंदर कमी करावीत की वाढवावीत, यापेक्षा प्रत्येक निदान काळजीपूर्वक कसे होईल हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. मुलाचे वय वर्गातील इतरांच्या तुलनेत किती आहे हे पाहणे, घर व शाळा या दोन्ही ठिकाणची माहिती घेणे, ऐकणे, झोप व अध्ययन यांतील अडचणी आधी तपासणे, सौम्य लक्षणांच्या बाबतीत काही काळ निरीक्षण करणे आणि लहान मुलांसाठी औषधांपूर्वी पालक-प्रशिक्षणाचा मार्ग अवलंबणे, हे उपाय सर्वसाधारणपणे सुचवले जातात. या उपायांमुळे अतिनिदान आणि न्यूननिदान दोन्ही कमी होण्यास मदत होते.